लाइट नसतानाचा फोन

वयनी, त्या सकाळी कणकवलीत माझा मोबाइल वाजला, पडद्यावर तुझं नाव आलं आणि मी नेहमीसारखा म्हणालो, "बोल गो वयनी." पलीकडे कुणीतरी नुसतं श्वास घेत होतं. मग आवाज आला. तो तुझा नव्हता.

"भावजी, मी मंदा. तुमच्याच घराकडसून बोलतंय. तुमी येवा. बाई उठणत नाय."

मंदा. तुझी शेजारीण. दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या पलीकडे राहणारी, आणि त्या वादळानंतर तुझ्याशी एक शब्द न बोललेली. ती तुझ्या खोलीत उभी होती, तुझा रिसिव्हर तिच्या कानाला होता. मी एसटीत बसलो तरी माझ्या डोळ्यांसमोर तू येत नव्हतीस. येत होती ती मंदा, आणि खिडकीखालचा तो फोनचा पांढरा डबा. आपलं माणूस गेल्यावर पहिला विचार त्याचाच यायला हवा, असं लोक म्हणतात. मला तसं जमलं नाही. देवगडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी हेच ठरवत होतो, की मंदाच्या समोर उभं राहायचं कसं.

आता येणारे-जाणारे विचारतात, काय झालं होतं, आजारी होत्या का, कुणी जवळ होतं का. मी सांगतो, हृदय. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजारणीने मागच्या दाराने जाऊन बघितलं. एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. तू गेलीस तेव्हा लाइट होती, फोन चालू होता, आणि तुला कुणाला फोन करायला वेळ मिळाला नाही. हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

तुला सांगायचं ते वेगळंच आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय.

तू दादाची बायको होऊन आपल्या घरात आलीस तेव्हा मी गणितात नापास होऊन आंब्याच्या पेट्या ठोकायला बसलो होतो. दादा म्हणाला होता, शाळा पुरे झाली ह्याची. तू नव्या नवरीची हळद अंगावर असताना ओटीवर येऊन म्हणाली होतीस, "पेटये कोण पण ठोकतलो. ह्येका माझ्या वांगडा शाळेत धाडा." आणि तू शिकवायचीस त्या शाळेत मला बरोबर नेलंस. आज मी कॉलेजच्या ऑफिसात खुर्चीवर बसतो ती तुझ्यामुळे. तू मला मारलंस, शिकवलंस, माझ्या लग्नात माझ्याहून जास्त रडलीस. दादा गेल्यावर मी तुला कणकवलीला चल म्हणून किती विनवलं. तू आली नाहीस. कलमं कोण बघणार, म्हणालीस. मग रोज संध्याकाळी फोन करायचा, एवढ्यावर आपण तोडगा काढला.

आपली वाडी सड्याच्या, वरच्या कातळी पठाराच्या, खाली खोलगटात. मोबाइलला रेंज हवी तर सडा चढावा लागतो, आणि तुझे गुडघे गेलेले. म्हणून घरचा फोन हाच तुझा फोन. रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि त्या फोनचे हाल सुरू झाले. यंत्राने चर खणला की तार तुटायची. जोडली की पुन्हा तुटायची. तू तक्रार करायला शेजारच्या वाडीत चालत जायचीस आणि तिथल्या फोनवरून एकदम शाळेतल्या मराठीत बोलायचीस, "मी निवृत्त शिक्षिका बोलते आहे. आमचा दूरध्वनी पुन्हा मृत झाला आहे." शेवटी कुणीतरी तुला खरं ते सांगून टाकलं, की तांब्याची तार आता कुणी जोडणार नाही. इंटरनेटवरचा फोन घ्या, नंबर तोच राहील.

तो बसवायला जामसंड्याहून केबलवाला आला, त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून आलो होतो. पोरांची लग्नं झालेला, पोट सुटलेला, बोलायला मोकळा माणूस. त्याने खिडकीखाली डबा ठोकला, त्यात वायर घातली, तुझा जुना रिसिव्हर त्याला जोडला. दिवे लुकलुकले. मी खूश. तू कमरेवर हात ठेवून उभी.

"ह्यो चलता कशार?" तू विचारलंस.

"लाइटीर, बाई."

"आणि लाइट गेली तर?"

"तर बंद. लाइट इली की आपसूक चालू."

"आदीचो फोन लाइट गेली तरी चला होतो."

"तेका करंट तारेतसून येय. ह्येका तुमचो लागतलो."

"म्हणजे जेवा फोन खरो व्हयो, तेवाच ह्यो बंद."

तो हसला. "सगळ्यांचा आता असाच आसा, बाई."

तू हसली नाहीस. तो गेल्यावर मला म्हणालीस, ह्याला बॅटरी हवी. मी म्हटलं, वयनी, लाइट जाते किती, येते किती, तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस. तू चार दिवस माझ्याशी फोनवर हो-नाही इतकंच बोललीस. मग मी कणकवलीतल्या दुकानातून ती छोटी काळी बॅटरी आणली. हिरवा दिवा म्हणजे भरलेली, लाल म्हणजे संपत आली. किती वेळ चालते, असं मी दुकानदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, चालते काही तास. किती तास, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तेवढं कुणालाच माहीत नव्हतं, वयनी. सगळं तिथेच अडलं.

वादळ आलं तेव्हा मी तुझ्याकडेच होतो. मे महिना, शेवटचे आंबे उतरवायचे होते. दुपारी वारा फिरला आणि रात्रभर आपण माजघरात भिंतीला टेकून बसलो. पहाटे बाहेर आलो तर परसातलं कलम मुळासकट आडवं. विजेचे खांब वाकलेले, तारा रस्त्यावर, रस्त्यावर फणस, फणसावर कुणाच्या तरी गोठ्याचे पत्रे. सडा चढून आलेले लोक म्हणाले, वरही रेंज नाही, टॉवरच मेला आहे. वाडीत येणारा प्रत्येक रस्ता बंद होता.

तू आत गेलीस. बॅटरी लावलीस, डब्याचे दिवे लागेपर्यंत थांबलीस, रिसिव्हर उचलून ऐकलंस. केबल जमिनीखालून आली होती, तिला काही झालं नव्हतं. आवाज होता. तू लगेच बॅटरी काढलीस आणि कपाटावर ठेवलीस.

"चलता," तू म्हणालीस. "पण आता ह्येका कोणी हात लावचो नाय."

वाडीला कळलंच. ज्यांच्याकडे तसे डबे होते त्यांचे लाइट नाही म्हणून मुके झाले होते. दुपारपर्यंत एकेक जण यायला लागला. कुणाला मुंबईच्या मुलाला सांगायचं होतं, की आम्ही बरे आहोत. कुणाला बहिणीचं विचारायचं होतं. तू ओटीच्या पायरीवर बसून प्रत्येकाला एकच उत्तर दिलंस. "तुमी बरे आसात मां? मगे फोन कित्या? जो बरो नसतलो तेच्यासाठी ठेवलेलो आसा." लोक तोंडं पाडून गेले. तुझ्या हाताखाली शिकलेले होते म्हणून, नाहीतर त्यांनी ऐकलं नसतं.

मग मंदा आली. केस सुटलेले, अंगावर भिजलेलं लुगडं. तिचा बाप मुंबईला भावाकडे होता, आजारी होता, हे आपल्याला ठाऊक होतं. वादळाच्या आदल्या दिवशी भावाने फोन करून सांगितलं होतं, की त्याला दवाखान्यात ठेवलंय, बोलणं कमी झालंय, मंदाचं नाव घेतो, उद्या तिने फोन केला की कानाला लावतो.

"बाई, दोनच मिनटां," मंदा म्हणाली. "माजो आवाज ऐकलो की तो डोळे उघडतलो."

मला वाटलं, उठशील. मी उठलोसुद्धा, कपाटाकडे जायला.

"बस रे सुदा," तू म्हणालीस. आणि मंदाकडे बघून म्हणालीस, "बोलान तो बरो होतलो काय?"

वयनी, ते वाक्य मला अजून ऐकू येतं. मंदाने तुझ्याकडे बघितलं. पायरी उतरली आणि गडग्याच्या बाजूने न जाता लांबच्या वाटेने घरी गेली.

ती गेल्यावर मी तुझ्याशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर आवाज चढवला. म्हटलं, दोन मिनिटांनी काय संपणार होतं?

"दोन मिनटां म्हणान कोण दोन मिनटां बोलता?" तू म्हणालीस. "मरणाऱ्या बापाशी बोलतली ती, मी काय तिच्या हातातसून ओढून घेव? आणि एकाक दिलंय की सगळ्यांका दिवचा लागतला. उद्या कोणाचा पोर पडला, कोणाची सून बाळंतपणाक अडली, तर काय करतलस? सड्यार जावन बोंबलतलस?"

"हे सगळं 'तर'चं आहे. तिचा बाप खराच मरतोय."

"तो हय फोन केलो तरी मरतलो."

"तू माणूस आहेस का गो?"

तू चुलीजवळ गेलीस, पेज केलीस, मला वाढलीस, स्वतः जेवली नाहीस. त्या संध्याकाळी मंदाचा बाप गेला. आपल्याला ते कळायला अजून अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बागेतला कमल धावत आला. बागेची राखण करायला नेपाळहून येणारं ते जोडपं, कमल आणि दिलमाया. पावसाआधी परत जायचं म्हणून त्यांनी सामान बांधलं होतं, वादळाने अडकले होते. त्याच्या पाठीवर दिलमाया होती. मोडलेल्या फांद्या ओढताना फुरसं चावलं होतं. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

तू तिच्याकडे एकदाच बघितलंस आणि आत गेलीस. कपाटावरची बॅटरी काढलीस, डब्याला लावलीस. डबा चालू व्हायला लागलेला तो वेळ! एक दिवा, मग दुसरा, मग लुकलुकत राहिलेला तिसरा. कमल दारात उभा राहून त्या दिव्यांकडेच बघत होता. फोनचा दिवा स्थिर झाला. तू रिसिव्हर उचललास. आवाज होता.

दवाखान्याचा नंबर व्यस्त. पुन्हा व्यस्त. पुन्हा. प्रत्येक वेळी तू रिसिव्हर ठेवायचीस आणि बॅटरीच्या दिव्याकडे बघायचीस. लागला तेव्हा तुझा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "फुरसं चावलं आहे. इंजेक्शन आहे का, हो की नाही एवढंच सांगा." होतं. मग तू जामसंड्यातल्या तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावलास, ज्याच्याकडे जीप होती. "झाडा पडली हत ती माका म्हायत आसा. जंयसर येवक गावता थंय येवन उभो रव. आमी तिका घेवन येतो."

न्यायचं कसं? खुर्ची हवी होती. आपल्या खुर्च्या जड, लाकडी. तेव्हा गडग्यावरून एक प्लॅस्टिकची खुर्ची आत आली. मंदाने दिली. तिच्या नवऱ्याने आणि मी खुर्चीला बांबू बांधले, आणि वाडीतली आम्ही सगळी माणसं दिलमायाला उचलून आडव्या झाडांवरून, तारांखालून, मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. जीप उभी होती. पुढे दवाखान्यात दार उघडून माणसं उभी होती, कारण तू तोपर्यंत त्यांना फोनवर धरून ठेवलं होतंस.

दिलमाया वाचली. तिच्या एका बोटाचं टोक गेलं, बाकी ती धडधाकट आहे. दर हंगामाला येते. वाडीत मात्र लोक कुजबुजले, आपल्या माणसाला फोन दिला नाही आणि नेपाळणीला दिला. तुझ्या कानावर ते येत होतं. तू कधीच कुणाला समजावायला गेली नाहीस.

पण मला बोलायचंय ते त्या दुपारबद्दल. मी जीपमधून दवाखान्यापर्यंत जाऊन परत आलो, घामाने निथळत, आनंदात. तुला सांगायला आत आलो, की इंजेक्शन दिलं, ती बोलतेय. तू स्टूल ओढून डब्यासमोर बसली होतीस. बॅटरी अजून लावलेलीच होती. दिवा हिरवा होता.

"वयनी, बंद कर. परत लागली तर?"

"रवांदे."

तू काय करतेस, ते मला थोड्या वेळाने कळलं. सगळ्या वाडीशी भांडून जपलेली बॅटरी तू संपवत होतीस. किती उरली होती ते तुला बघायचं होतं. मी पाणी दिलं, घेतलं नाहीस. मी दोनदा बंद करायला हात पुढे केला, तू तो बाजूला केलास. ऊन ओसरलं, खोलीत काळोख व्हायला लागला, आणि तो हिरवा दिवा आपल्या दोघांच्या तोंडावर होता. तिन्हीसांजेला तो लाल झाला. मग डब्यातले दिवे एकदम गेले.

मंदाला द्यायची दोन मिनिटं त्यात होती. दहा होती. पन्नास होती.

तू उठलीस, देवाला दिवा लावलास. आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी टॉवर सुरू झाला. मंदा सड्यावर गेली आणि तिच्या मोबाइलवर भावाचे सगळे निरोप एकदम आले. ती तिथेच बसली. नवऱ्याने जाऊन आणली. तू पातळ बदललंस, तिच्याकडे भेटायला गेलीस. मी आपल्या ओटीवरून बघत होतो. तुम्ही तिच्या पडवीत उभ्या होता. तू काहीतरी बोललीस, बराच वेळ. मग मंदा आत गेली आणि तिने दार लावलं. तू बंद दारासमोर थोडी थांबलीस आणि परत आलीस.

मला वाटलं, तू सांत्वन केलंस आणि तिने ते नाकारलं.

त्यानंतर किती वेळा मी विषय काढायला गेलो! मी म्हणायचो, "वयनी, मंदाशी एकदा बोल." तू म्हणायचीस, "दूध उतू जाता," आणि उठायचीस. तुझी माझ्यावर नजर असायची, की हा बॅटरीचं कुणाला बोलला तर नाही ना, असं मला वाटायचं. मी बोललो नाही. बायकोलाही नाही. मंदा रस्त्यात दिसली की मी खाली बघायचो. आपलं दोघांचं गुपित आहे, तुझी अब्रू माझ्या हातात आहे, असं मानून मी ते सांभाळलं. तुझं काही देणं मी फेडू शकत नव्हतो. हे एवढं फेडतोय, असं मला वाटायचं.

आणि तरी मनातून मी तुला माफ केलं नव्हतं. कधी वाटायचं, तू बरोबर होतीस, उरेल हे कुणाला माहीत होतं? कधी वाटायचं, माहीत नव्हतं म्हणूनच द्यायला हवी होती. कणकवलीत ऑफिसात बसलेलो असताना मधेच मी तुझ्याशी भांडायला लागायचो. संध्याकाळी तुला फोन लागला की विचारायचो, जेवलीस काय.

तुझं तेरावं झालं. माणसं पांगली, बायको भांडी आवरत होती. मी माजघरात कपाट बंद करत होतो. मंदा मागच्या दाराने आली. तू सापडल्यापासून ती रोज येत होती, पाणी भरत होती, केर काढत होती, पण माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आज ती उभी राहिली. खिडकीकडे बोट दाखवलं.

"भावजी, एक इचारतंय. खरा सांगशात?"

मला कळलं.

"त्या दिसा, दिलमायाक न्हेल्यार, बॅटरीत उरला होता काय?"

वयनी, मी तुझ्या फोटोकडे बघितलं. हार अजून ताजा होता. 'आठवत नाही' म्हणणं सोपं होतं. मेलेल्या माणसाची बाजू घेतली म्हणून कुणी मला वाईट म्हटलं नसतं. पण मंदा माझ्याकडे तशीच बघत होती, जशी तेव्हा तुझ्याकडे बघत होती, पायरीखाली उभी राहून.

"उरलं होतं," मी म्हणालो. "तिन्हीसांजपर्यंत चालली."

"म्हायत आसा," मंदा म्हणाली.

मी कपाटाचं दार सोडलं.

"बाईनी माका सांगल्यानी. बापूस गेल्याचा कळला त्याच दिसा. माझ्या पडवीत उभे रवान सांगल्यानी, मंदा, बॅटरी उरली, तुका बोलूक गावला असता, ता तुका म्हायत असांदे. म्हणाले, बोलान तो बरो होतलो काय असा मी बोललंय, ता बोलूक नको होता. ता माझा चुकला. पण फोन दिवक नाय, ता चुकला असा मी म्हणूचंय नाय. परत तशी वेळ इली तर परत तसाच करतलंय."

"आणि तू दार लावलंस."

"लावलंय. मी काय करू होया होता? माझो बापूस गेलो होतो." तिने पदराने तोंड पुसलं. "खोटा बोलले असते, बॅटरी संपली म्हणाले असते, तर मी चार दिसांत इसारलंय असतंय. ह्येच वसरेर येवन बसलंय असतंय. पण तेनी खरा सांगल्यानी. मगे माका पण खराच वागूचा लागला. माका राग होतो, तो मी ठेवलंय. आजून आसा."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुमी काय सांगतात ता बघूचा होता. तुमी माका बघलात की मान खाली घालतात. माका वाटला, ह्येका म्हायत नाय की माका म्हायत आसा. ह्यो कित्या उगाच मरता?"

मी खाली बसलो, वयनी. तुझ्यासाठी सांभाळलेलं ते ओझं तुझं नव्हतंच. तू ते दुसऱ्याच दिवशी उतरवून आली होतीस, ज्याच्या दारात उतरवायला हवं तिथे. आणि मला सांगितलं नाहीस. मला राग आला, हसूही आलं, आणि मग जे काय झालं ते मंदाने बघितलं आणि ती माझ्यासाठी पाणी आणायला गेली.

परत आली तेव्हा म्हणाली, "घर बंद करतल्यात मां तुमी?"

"करावं लागेल. कलमांना येईन-जाईन."

"मगे ह्यो फोन माझ्याकडे लावून घेतंय. ह्योच नंबर. बॅटरी पण. वाडीत दुसरी कोणाकडे नाय."

तिने डब्यावरची धूळ बोटाने पुसली.

"आणि लाइट गेली," मी म्हणालो, "आणि कोणी आलं, तुझ्यासारखं, तर?"

बाहेर माझी बायको भांडी पालथी घालत होती.

"माका म्हायत नाय," मंदा म्हणाली. "बाईक म्हायत होता असा तुमका वाटता?"

जामसंड्याचा तोच केबलवाला आला आणि तासाभरात डबा गडग्याच्या पलीकडे गेला. मी घराला कुलूप लावून कणकवलीला आलो. तुला फोन करायची वेळ झाली की हात अजून आपोआप जातो. पहिले काही दिवस आवरला. परवा बातम्यांत ऐकलं, देवगडकडे वाऱ्याने तारा तुटल्यात, लाइट नाही. मला राहवलं नाही. लावला. लागेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच रिंगला उचलला; म्हणजे तिने बॅटरी लावून ठेवली होती.

"मंदा, मी सुधाकर. सगळं ठीक ना?"

"लाइट नाय हा, भावजी," ती म्हणाली. "कोण आजारी आसा काय तुमच्याकडे?"

"नाही. सहज केला."

"मगे ठेवा."

आणि तिने ठेवला.